नॅनोमीटर नव्हे, मॉडेल क्रमांक विचारा

घरात गेमिंग कन्सोल घ्यायचा विचार चालू असेल, तर कळकळीची विनंती आहे. ‘आणखी लहान नॅनोमीटरची चिप येईल, मग भाव उतरेल’ या आशेवर थांबू नका. तो काळ गेला.

पूर्वी तसं होत असे. २००६ साली प्लेस्टेशन ३ अमेरिकेत आला, तेव्हा त्याचं मोठं मॉडेल ५९९ डॉलरला होतं आणि मुख्य चिप ९० नॅनोमीटरची. २००९ मध्ये ही चिप ४५ वर आली आणि ‘स्लिम’ २९९ डॉलरला मिळू लागला. चिप लहान झाली की एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, जास्त चिप निघत. आता लहान नॅनोमीटरच्या नव्या प्रक्रियेचा वेफरच इतका महाग असतो की ती बचत तिथेच संपते. शिवाय चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे फोनवाले आणि एआयवाले जास्त पैसे मोजून आधी उभे असतात. प्लेस्टेशन ५ ची चिप २०२२ मध्ये ७ वरून ६ नॅनोमीटरवर गेली. त्याच वर्षी भारतात त्याची किंमत ४९,९९० वरून ५४,९९० रुपयांवर चढली.

मग कन्सोल कंपन्यांनी नवी प्रक्रिया घ्यावी का? जरूर घ्यावी, पण ती मुरल्यावर, आणि उष्णता व विजेचा खप कमी करण्यासाठी. निन्टेन्डोने हे करून दाखवलं. २०१७ चा स्विच एका चार्जवर अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ मध्ये चिप २० वरून १६ नॅनोमीटरवर नेल्यावर तोच स्विच साडेचार ते नऊ तास चालू लागला. बॅटरी तीच, गेम तेच, किंमतही तीच. ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाची सुधारणा मला ही वाटते.

उष्णता ही किरकोळ बाब नाही. सुरुवातीचे एक्सबॉक्स ३६० लाल दिवे लागून इतके बंद पडले की २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला दुरुस्तीपोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कन्सोल कोंबू नका.

जुना कन्सोल घेणाऱ्यांनी तर जास्त जपावं. जुन्या आणि नव्या चिपचे कन्सोल बाहेरून सारखेच दिसतात; फरक मॉडेल क्रमांकात असतो. प्लेस्टेशन ५ चा मूळ साचा घेत असाल तर ६ नॅनोमीटरच्या चिपचा, म्हणजे सीएफआय-१२०० मालिकेतला बघा. २०१९ मध्ये आलेल्या सुधारित स्विचवर एचएसी-००१ च्या पुढे कंसात -०१ असतं. पैसे देण्याआधी हा क्रमांक स्वतः वाचा, आणि विकणारा दाखवायला तयार नसेल तर तिथून घेऊ नका.