ट्रॅक्टरला तास, मग उसाच्या ट्रकला किलोमीटर का?



गळीत हंगाम जवळ आला की हदगाव, अर्धापूर, उमरखेड या पट्ट्यातल्या गॅरेजांसमोर उसाच्या गाड्या उभ्या राहतात. कारखान्याची उचल हातात आलेली असते. टायर, पाटे, बॅटरी, टोळीचा मुकादम असा खर्च सुटत जातो. इंजिन ऑईलची गोष्ट निघाली की मालक मीटरकडे बघतो आणि म्हणतो, "मागच्या बदलीपासून सहा हजारच झालेत, राहू द्या." मीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. उसाच्या गाडीचे ऑईल किलोमीटरवर बदलणे चूक आहे, ते इंजिनाच्या तासांवर बदलले पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हिशोब साधा आहे. फड कारखान्यापासून २५ किलोमीटरवर आहे असे धरू. एक खेप म्हणजे जाऊन-येऊन ५० किलोमीटर. पण भरलेली गाडी काळ्या रानातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्यावर काढायची, मग काट्याच्या रांगेत हात-हात पुढे सरकायचे, गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत थांबायचे. एका खेपेला इंजिन चार तास सहज चालते. हंगामात अशा ११० खेपा झाल्या तर मीटर दाखवते ५,५०० किलोमीटर आणि इंजिन चाललेले असते ४४० तास. हळदीची पोती घेऊन तुळजापूर-नागपूर महामार्गावरून नागपूरकडे जाणारी गाडी तासाला सरासरी ४५ किलोमीटर कापते. तिचे ४४० तास म्हणजे जवळपास २०,००० किलोमीटर. दोन्ही इंजिने सारखीच चालली, तरी एकीचे मीटर ५,५०० वर आणि दुसरीचे २०,००० वर.

रांगेत उभ्या गाडीवर बोजा नसतो, मग ऑईल कसे खराब होईल, असे काही जण विचारतील. उभ्याने, बोजाशिवाय चालताना इंजिन नीट तापत नाही. न जळलेले थोडे डिझेल रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते आणि ऑईल पातळ करते. काजळी वाढत जाते. त्याच गाडीने तासाभरापूर्वी रानातून जादा भार ओढलेला असतो आणि फडाची धूळ खाल्लेली असते. थंड तास आणि कष्टाचे तास दोन्ही ऑईललाच सोसावे लागतात. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत जादा भार, धूळ आणि उभ्याने इंजिन चालणे यांना कठीण वापर म्हटलेले असते आणि अशा वापरात ऑईल लवकर बदलायला सांगितलेले असते. उसाची वाहतूक या तिन्हींत बसते.

माझ्या जुन्या सहाचाकी गाडीचे इंजिन ऐन फेब्रुवारीत बसले. ऑईल बदलून मीटरवर साडेसात हजारही झाले नव्हते. मिस्त्रीने चेंबर खोलला तर तळाशी डांबरासारखा गाळ होता आणि क्रँकची बेरिंगे खाल्लेली होती. उरलेला हंगाम गेला आणि उचल अंगावर राहिली. कमी झाले की वरून लिटर-दोन लिटर ऑईल टाकत होतो, म्हणून मी निर्धास्त होतो. पट्टीवरची खूण भरून निघत होती, पण काजळी आणि गाळ आतच राहत होता.

आपल्याकडे हे ज्ञान नाही असे नाही. ज्याच्या दारात ट्रक आहे, त्याच्या गोठ्याशेजारी बहुधा ट्रॅक्टरही उभा असतो. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि २५० तास झाले की ऑईल व फिल्टर बदलायचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जेसीबीचेही तसेच. रोटाव्हेटर ओढणाऱ्या यंत्राला किलोमीटर लावणे निरर्थक, हे आपल्याला पटते. हंगामातला उसाचा ट्रकही कामाच्या पद्धतीने ट्रॅक्टरच्याच जवळचा आहे.

उलट चूक करणारेही आहेत. ऑईल काळे दिसले की हजार-दोन हजार किलोमीटरांतच ते ओतून देतात. डिझेल इंजिनात चांगले ऑईल काळे होणारच, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. पांढुरके, दुधाळ दिसले तर मात्र पाणी शिरले आहे, गाडी तिथेच थांबवावी. उगाच बदललेले ऑईल शेवटी सेंट्रिंगच्या प्लेटांवर नाहीतर नाल्यात जाते. जुने ऑईल कायद्याने घातक कचरा आहे, हे विसरू नये.

ऑईल निवडतानाही "दाट द्या" एवढेच सांगून भागत नाही. १५डब्ल्यू-४० हा आकडा दाटपणाचा, तर सीआय-४ किंवा सीके-४ ही अक्षरे दर्जाची. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचे, सीके-४ दर्जाचे किंवा कंपनीने सांगितलेलेच ऑईल लागते. स्वस्त पडते म्हणून जुन्या दर्जाचे टाकले तर त्याची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे, आता मर्यादा १० भागांची आहे. गंधकामुळे तयार होणारे आम्ल कमी झाले, म्हणून वडीलधाऱ्या ड्रायव्हरांचा ऑईल बदलण्याचा जुना आकडाही डोळे मिटून पाळू नये. आपल्या गाडीची पुस्तिका वाचावी.

तास मोजणे अवघड नाही. नव्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर ते दिसतात. जुन्या गाडीला तासांचे मीटर बसवता येते, मात्र ते अल्टरनेटरला जोडावे, म्हणजे नुसती चावी फिरवली तरी तास चढणार नाहीत. तेही नको असेल तर ड्रायव्हरजवळ वही द्यावी. मी माझ्या जुन्या गाडीचे ऑईल आता हंगामात २५० तासांवर, फिल्टरसकट बदलतो. त्यासाठी खेप बुडवावी लागत नाही. कारखाना क्लिनिंगसाठी बंद असतो, तो दिवस मी धरतो.

तास कमी करणेही आपल्याच हातात आहे. रांगेत ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, कारण बॅटरी कमजोर असते, सेल्फ लागेल की नाही याचा भरवसा नसतो आणि ब्रेकची हवा गळते. पुढची गाडी हलली की हवा भरायला वेळ लागतो आणि मागचे हॉर्न वाजवतात. हवेची गळती आणि बॅटरी हंगामाआधी दुरुस्त केली तर रोजचा तास-दीड तास वाचतो, डिझेलही वाचते.

आमच्या भागातल्या साखर कारखान्यांना माझी विनंती आहे की वाहतुकीचा करार करतानाच गाड्यांना वेळ नेमून टोकन द्यावे. गॅरेजवाले ऑईल बदलल्यावर दारावर जो कागद चिकटवतात, त्यावर त्यांनी किलोमीटरच्या शेजारी तासांचा रकाना छापावा. आणि मालक बांधवांनो, पहिली मोळी पडण्याआधी आजचे तास वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपला,
एक ट्रकमालक, हदगाव (जि. नांदेड)