माहितीपुस्तक कुणी लिहायचं?



मागच्या वेळी पासवर्डवर लिहिलं, तेव्हा इंदूरच्या एका वाचक काकूंनी विचारलं की तुम्ही लोक दिवसभर कॉम्प्युटरवर नेमकं टाइप काय करता? खरं सांगू का काकू, निम्मा दिवस आम्ही वाचत असतो. आज कुठलंच सॉफ्टवेअर कुणी एकटा पहिल्यापासून लिहीत नाही. पैसे घेण्याचा भाग एका कंपनीचा, नकाशा दुसरीचा, लॉगिन तिसरीचं. हे सगळं जोडायचं कसं, ते ज्याने त्याने आपापल्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. त्याला आम्ही डॉक्युमेंटेशन म्हणतो, आणि त्याचा दर्जा दिवसेंदिवस घसरतोय.

आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी उज्जैनचीच एक मुलगी कॉलेजातून थेट आली. तिला ऑनलाइन पैसे घेणारी एक सेवा जोडायचं काम दिलं. सेवेच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की रक्कम रुपयांत पाठवा. प्रत्यक्षात ती सेवा आकडा पैशांत धरत होती. म्हणजे ४९९ पाठवले की ४ रुपये ९९ पैसे कापले जाणार! आवृत्ती बदलली होती, पान जुनंच होतं. चाचणीचं खातं असल्यामुळे पैसे कुणाचे बुडाले नाहीत, पण तिचे तीन दिवस गेले. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, मला बहुतेक हे जमणारच नाही." चूक पानाची, आणि पोरगी स्वतःला ढ समजत होती. मला राग येतो तो याचा. अनुभवी माणूस वाकडी वाट काढतो, नवशिका मात्र छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि शंका स्वतःवर घेतो.

हे पूर्वीपासून असंच होतं असं नाही. युनिक्सचं पहिलं माहितीपुस्तक १९७१ सालचं. त्यात प्रत्येक आज्ञेच्या पानावर ती काय करते हे तर होतंच, शिवाय तिच्यात काय बिघाड आहेत हेही लिहायची पद्धत होती. स्वतःच्या मालातले दोष स्वतःच छापायचे! आमच्या बीईच्या लॅबमध्ये टर्बो सी असायचं. दिसायला जुनाट, निळा पडदा, पण शब्दावर कर्सर ठेवून मदत मागितली की माहिती यायची आणि खाली चालणारा छोटा प्रोग्रॅम. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये आम्ही अर्धं सी त्या उदाहरणांतून शिकलो.

आता पानं भरपूर, मजकूर नाही. कोडमधून आपोआप तयार झालेल्या याद्या असतात, त्यात 'गेट नेम'पुढे लिहिलेलं असतं 'नाव मिळवते'. वा! २००१ मध्ये काही जाणत्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा काढला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, असा त्यातला एक मुद्दा होता. मुद्दा रास्त होता, पण पुष्कळांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला की लिहायचंच नाही. बढती नवीन सोय बनवणाऱ्याला मिळते, पान दुरुस्त करणाऱ्याला नाही. अपवाद आहेत. पोस्टग्रेसचं माहितीपुस्तक आजही निवांत वाचत बसावं असं आहे. जँगोमध्ये नवीन सोय द्यायची तर तिची माहितीही सोबत लिहून द्यावी लागते.

"आता एआयला विचारा की," असं घरातली मुलं म्हणतील. विचारतो ना, रोज. पण एआय तरी शिकतं कुठून? याच पानांवरून. पान अर्धवट असेल तर ते आत्मविश्वासाने अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचं नाव ठोकून देतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोला चॅटजीपीटीची उत्तरं टाकण्यावर बंदी घालावी लागली, ती याच कारणाने: उत्तरं दिसायला चोख आणि आतून चुकीची.

आपल्याकडे ही कला नव्हती असं समजू नका. ज्योतिषात 'सिद्धान्त' ग्रंथ का ते सांगतो, आणि 'करण' ग्रंथ कसं ते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला, तोही ज्या-कोज्यांची किचकट गणितं टाळून, पंचांग करणाऱ्याला झेपेल असा. पुढे विश्वनाथ दैवज्ञांनी त्यावर टीका लिहिली ती सोडवलेल्या उदाहरणांची. उदाहरणाशिवाय माहितीपुस्तक अपुरं, हे त्यांना कळत होतं! पण आकाश पुढे सरकत राहिलं, ग्रंथातले आकडे तिथेच राहिले, आणि गणितातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनात. १८६० मध्ये केरूनाना छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली, ती नव्या आकड्यांवर. तरी जुनं सोडायला लोक तयार नव्हते, पंचांगांचे वाद पुढे कित्येक वर्षं चालले.

आमच्या टीममध्ये आता एक साधा नियम आहे. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याने माहितीचं पान उघडून एकट्याने सगळं बसवायचं. जिथे अडेल ती ओळ त्यानेच बदलायची, आम्ही फक्त तपासायची. पहिल्या दिवशी जे खटकतं ते महिन्याने खटकेनासं होतं, म्हणून हे काम नव्याकडेच.

उज्जैनकरांनो, पाहुण्यांना महाकाल दाखवून झाल्यावर वेधशाळेतही न्या. सवाई जयसिंहाने १८ व्या शतकात बांधलेली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली. तिथल्या सम्राट यंत्राची सावली उज्जैनची स्थानिक वेळ सांगते. शेजारी तक्ता आहे: आज किती मिनिटं मिळवली की घड्याळातली वेळ येईल त्याचा. जयसिंहाच्या काळी हा तक्ता शक्यच नव्हता, भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. म्हणजे नंतर कुणीतरी बसून हिशेब केला. रेखांशाच्या फरकाची सुमारे २७ मिनिटं, त्यात सूर्याच्या चालीचा रोज बदलणारा फरक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर ११ च्या आसपास मिनिटं मिळवायची, फेब्रुवारीच्या मध्यात ४१ च्या. सावली वाचा, मुलांकडून बेरीज करून घ्या, आणि मग मोबाइल काढा.