हप्ता गाडीचा, परीक्षा खिशाची

एकाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली आहे, पण बाजारात त्याची पत उत्तम आहे. दुसऱ्याने एकही अपघात केलेला नाही, पण त्याची देणी थकली आहेत. वाहनविम्याचा हप्ता कोणाला जास्त पडावा? ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत, फ्लोरिडातला निर्दोष पण पत घसरलेला चालक सरासरी १,५५२ डॉलर अधिक भरत होता. हा उघड अन्याय आहे.

कर्जफेड आणि कार्डावरची उधारी पाहून गुणांक काढायचा आणि त्यावर हप्ता ठरवायचा, ही रीत तिथे नव्वदच्या दशकात रुजली. कमी गुणांकाच्या लोकांचे दावे अधिक असतात, असे कंपन्या सांगतात. ते खरे आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानेही २००७ मध्ये ते मान्य केले. पण दावा करणे म्हणजे बेदरकार चालवणे नव्हे. बंपरला पोचा आला तर सुखवस्तू माणूस खिशातून खर्च करून मोकळा होतो; ज्याच्या खात्यात शिल्लक नाही, तो विमा कंपनीचे दार ठोठावतो. नोकरी गेली, संसार मोडला की गुणांक घसरतो. स्टिअरिंगवरचा हात तोच असतो. कमी गुणांकाच्या गटात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक नागरिक प्रमाणाबाहेर असल्याचे त्याच आयोगाने नोंदवले आहे. आणि हा विमा ऐच्छिकही नाही. जवळपास सर्व राज्यांत तो कायद्याने सक्तीचा आहे.

पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलेल्या अभियंत्याची तिथे पतनोंदच नसते, मग इथे त्याने कितीही वर्षे नीट गाडी चालवलेली असो. तोच कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला गेला, तर विमा कंपनीला त्याची पत पाहता येत नाही. १९८८ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १०३’ मंजूर केले: चालवण्याची पूर्वपीठिका, वर्षाकाठी कापलेले मैल आणि अनुभवाची वर्षे, मुख्यत्वे यांवरच हप्ता ठरावा. मॅसॅच्युसेट्स आणि हवाईनेही पतगुणांकाला मज्जाव केला आहे.

वॉशिंग्टन राज्याचे तेव्हाचे विमा आयुक्त माइक क्रायडलर यांनीही बंदीचा नियम काढला होता. राज्याचा कायदाच पत पाहण्याची मुभा देतो, आयुक्तांना ती काढून घेता येणार नाही, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. आयुक्तांचे हात बांधलेले असतील, तर हे काम विधिमंडळांचेच आहे. त्यांनी कॅलिफोर्नियाचे ते तीन निकष कायद्यात लिहावेत आणि पतगुणांक त्यातून वगळावा.