कड म्हणे उठून दिसायला हवी!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि विषय ऐकून तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. विषय आहे हिरवळ आणि खडी यांच्या मधली कड. हो, कडच. बागेतली. हसून झालं की पुढे वाचा, कारण मी मात्र आज चांगलीच चिडलेली आहे.

आमच्या सोसायटीच्या बागेत मधोमध हिरवळ आहे आणि तिच्याभोवती चालायला खडीची वाट. दोन्हींच्या मधे आजवर काहीच नव्हतं. त्यामुळे खडी हिरवळीत जाते, हिरवळ खडीत जाते आणि माळीकाका दोघांच्या मधे वाकून बसलेले दिसतात. यंदा कमिटीने मनावर घेतलं, हे चांगलंच झालं. एक कंत्राटदार आले, त्यांनी मोबाईलवर चकचकीत फोटो दाखवले. चार इंच वर येणारे सिमेंटचे तयार ठोकळे, नाहीतर काळी प्लॅस्टिकची पट्टी, नाहीतर तिरक्या विटांची दातेरी रांग. मी विचारलं, "जमिनीच्या बरोबरीने बसवलं तर?" ते म्हणाले, "काकू, बॉर्डर कशी उठून दिसली पाहिजे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच क्षणी मी ठरवलं की यावर लिहायचं.

उठून का दिसायला हवी? कड म्हणजे काय नवरी आहे का? शेतात बांध असतो. बांध कोरला म्हणून भाऊ भाऊ कोर्टात जातात, पण बांध सुंदर दिसावा म्हणून कोणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. बांधाचं काम हे की इकडचं तिकडे जाऊ नये आणि माणसाला त्याच्यावरून चालता यावं. बागेतल्या कडेचंही कामही तेवढंच.

तिरक्या विटांपासून सुरू करते, कारण तिथे माझे स्वतःचे हात गेरूने माखलेले आहेत. तुम्ही पाहिल्याच असतील. सरकारी विश्रामगृह, पोलीस चौकी, जिल्हा परिषदेची शाळा, कुठेही जा. विटा कोपऱ्यावर उभ्या पुरलेल्या, एकीला गेरू, एकीला चुना. आमच्या शाळेतही होत्या. तपासणी जवळ आली की आम्ही सातवीच्या मुलांना डबे आणि ब्रश देऊन त्या रंगवायला बसवत असू. साहेब त्या बघून खूश होत. त्या विटांवर दर वर्षी एखादं तरी पोर गुडघा फोडून घेई, आणि मी हळद किंवा आयोडीन लावून त्यालाच रागवत असे, "बघून चालता येत नाही?" आज वाटतं, बघायला आम्ही हवं होतं. शिवाय भट्टीची वीट पाणी पिते. दोनचार पावसाळ्यांत तिचे पापुद्रे सुटतात, शेवाळ चढतं आणि दोन दातांमधल्या फटीत नेमकी हरळी उगवते, जिथे ना विळा पोचतो ना बोटं.

आता प्लॅस्टिकची पट्टी. स्वस्त, हलकी, एका दुपारी बसते. खरं आहे सगळं. पण आपल्या उन्हात ती काही वर्षांत कडक होते आणि माळीकाकांचं खुरपं लागलं की टवका उडतो. त्याहून मोठी अडचण खालच्या मातीची आहे. आमच्या बागेत काळी माती आहे. भूगोल शिकवलेला असल्यामुळे हे सांगायची खुमखुमी मला आवरत नाही, तर सांगतेच. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दर वर्षी हा श्वास चालू. वर वर खोचलेली पातळ पट्टी त्या श्वासाबरोबर हळूहळू वर येते, वाकडी होते, आणि मग सापाच्या कातेसारखी हिरवळीवर पडलेली दिसते. पलीकडच्या सोसायटीत हेच झालं आहे. जाऊन बघून या.

कोणी लाकडी ओंडके सुचवले. वाळवीला आमंत्रण! कोणी पत्र्याची पट्टी म्हणालं. चांगली जाड, जस्त चढवलेली असेल तर टिकते आणि दिसतेही नीटस, पण तिची वरची धार पोरांच्या अनवाणी पायांना नको. अॅल्युमिनियमची तर रात्रीत भंगारवाल्याकडे जाईल :-)

असो. खरं भांडण आहे ते सिमेंटच्या ठोकळ्यांशी, कारण कमिटीचा कल तिकडे आहे.

चार इंच उंची. कोणाला फारशी वाटत नाही. पायरी नव्हे, भिंत नव्हे, कठडा नव्हे. पायरी दिसते म्हणून पाय उचलला जातो. चार इंचांची कड संध्याकाळी सहानंतर दिसतच नाही. आमच्या वयाची माणसं पाय फार उचलत नाहीत, घासत चालतात. घरातल्या वाचकांना ताईचं माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. २०१९ साली माझी थोरली बहीण तिच्या सोसायटीच्या बागेत फिरताना अशाच कडेला अडखळली. नात पलीकडून हाक मारत होती म्हणून ताई वाट सोडून हिरवळीकडे वळली, एवढंच. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण ती परत खाली बागेत कधी उतरली नाही. पुढच्या वर्षी गेली. मी तिला भेटायला जाई तेव्हा ती खिडकीतून ती कड दाखवायची आणि म्हणायची, "बघ, पांढरा रंग दिलाय आता." रंग! माणूस पडल्यावर दिलेला.

कोणी म्हणेल, बाई, एका अपघातावरून नियम करू नका. ठीक आहे, ताईला बाजूला ठेवू. पाण्याचं काय? पुण्याचा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. हिरवळीभोवती सिमेंटने सांधे भरलेली सलग कड घातली की झालं तळं तयार. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, त्यात बाहेर जायलाही वाट नाही. गवत पिवळं पडतं, मग खत मारा, औषध मारा.

आणि गवत कापायचं कसं? मशीनचं चाक त्या ठोकळ्याला अडतं, पातं कडेपर्यंत पोचत नाही. चारेक बोटांची झालर सगळीकडे उभी राहते. ती कोण कापणार? माळीकाका, उकिडवे बसून, विळ्याने. आमच्या बागेची कड एकशे दहा फूट आहे. कड ठरवताना कमिटीने माळीकाकांना एका शब्दाने विचारलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, चाक चढाया पायजे कडंवर. मंग एका फेरीत काम." संपला विषय! अख्ख्या सभेत एवढं मुद्द्याचं कोणी बोललं नव्हतं.

आणखी एक. ठोकळ्यांना खाली काँक्रीटचा पाया लागतो, म्हणजे चर खणायचा. आखणीची दोरी आपल्या कडुनिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेली आहे. चर खणला की मुळं तुटणार, वर काँक्रीट ओतलं की उरलेल्यांना पाणी नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तिथे काढायला सांगितलं आणि आपण इथे वर्गणी काढून घालणार.

नुसती नावं ठेवणं सोपं असतं, मग तुमचं म्हणणं काय, असं विचारणार तुम्ही. माझं म्हणणं आहे दगड. आपला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड, पाताळेश्वराचं लेणं यातच कोरलेलं आहे. आमच्या बागेचे चार पावसाळे त्याला जड जाणार नाहीत. नऊ इंच लांबीचे टाकी मारलेले दगड घेतले तर एकशे दहा फुटांना दीडशेच्या आत लागतील. जुने वाडे पाडतात तिथलेही चालतील, वाकडेतिकडे असले तरी चालतील. खाली मुरूम ठोकून घट्ट बसवायचा, त्यावर दगड, सांधे सिमेंटने न भरता बारीक कचीने भरायचे म्हणजे पाणी जाईल. दगड जमिनीत सहा इंच तरी गेला पाहिजे, आणि वरचं तोंड मातीच्या बरोबरीने. कडुनिंबापाशी मात्र चर नाही. तिथे कड वळवून लांबून न्यायची, सरळ रेषेचा हट्ट सोडायचा.

सहा इंच का, तर हरळीमुळे. ही जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. शेतकरी हरळी आणि कुंद्यापुढे हात टेकतात ते उगीच नाही. वरची धाव डोळ्यांना दिसते, ती पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दगडाच्या कडेने पातं फिरवून तोडायची. खालची बरीचशी सहा इंचांत अडते. सगळी अडते असं मी म्हणणार नाही, आणि जो कंत्राटदार म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

खडीची पातळी दगडापेक्षा इंचभर खाली हवी. लोकांना वाटतं कड उंच असली तरच खडी बाहेर येत नाही. अहो, खडी खाली घ्या ना! एवढा साधा मुद्दा आहे. मशीनच्या पात्यात एक खडा गेला तर तो गोळीसारखा उडतो, त्यासाठी उंच कडेपेक्षा खोल वाट जास्त उपयोगी. आणि ते पांढरे गुळगुळीत गोटे नकोत. पायाखाली घरंगळतात, दुपारी डोळ्यांवर येतात आणि पावसाळ्यानंतर हिरवे होतात. क्रशरची काळी, कोनाची, अर्ध्या इंचाची खडी एकमेकींत रुतून बसते.

दगड परवडत नसेल तर शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरा. फरशीवाल्याकडे तुटके तुकडे पडलेले असतात. शहाबादीचे कधी कधी पापुद्रे निघतात, पण ती पाय मोडणार नाही. फक्त उभी फरशी वर डोकावू द्यायची नाही, आणि तिच्या शेजारी चाकासाठी एक आडवी फरशी टाकायची.

कमिटीचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. पार्किंगच्या बाजूला गाड्या मागे घेताना हिरवळीवर चढतात. तिथली पंधरा फूट कड उंच करा, चांगली फूटभर करा, म्हणजे ती दिसेल. दिसायचंच असेल तर नीट दिसू दे. चार इंच हे कुठलंच माप नव्हे.

आमचे सेक्रेटरी मला म्हणाले, "काकू, तुम्ही एवढ्या छोट्या गोष्टीचं किती मनाला लावून घेता." मी म्हटलं, बाळा, चार इंच छोटेच असतात. त्याला ताईचं सांगितलं नाही. आता तो हे वाचेलच.

रविवारी सकाळी दहाला खाली बागेत सभा आहे. मी माझ्याबरोबर एक काळा दगड, एक फूटपट्टी आणि माळीकाकांना घेऊन येणार आहे. आमच्या इमारतीतल्या वाचकांनी जरूर यावं. खुर्च्या कमी पडतात, आपापली आणावी.