जाडीपलीकडचा साधेपणा

नव्या ऑल-इन-वन संगणकाचे पहिले छायाचित्र हल्ली हमखास कडेने घेतलेले असते. जाडी किती मिलिमीटर, एवढेच त्यातून सांगायचे असते. प्रॉडक्ट डिझाइनच्या आपल्या व्यवसायातही साधेपणा याच पट्टीने मोजण्याची सवय रुजत चालली आहे. तिला वेळीच आवर घालायला हवा.

याचा सगळा प्रवास ॲपलच्या आयमॅकमध्ये दिसतो. २००२ सालच्या जी-४ मध्ये मदरबोर्ड, डिस्क ड्राइव्ह, पॉवर सप्लाय असे सगळे एका अर्धगोल बैठकीत होते. वर पोलादी दांडा आणि त्यावर १५ इंची सपाट पडदा. नुसत्या बोटाने ढकलला तरी पडदा वर-खाली होई आणि सोडाल तिथे थांबे. त्या दांड्याइतके नेमके काम आयमॅकमध्ये पुन्हा झालेले नाही, असे आमचे ठाम मत आहे. २००४ सालच्या जी-५ मध्ये संगणक पडद्यामागे गेला, जाडी सुमारे दोन इंच झाली. पण खालच्या कडेचे तीन स्क्रू सैल केले की अख्खी पाठ निघे आणि हार्ड डिस्क, रॅम ग्राहकाला स्वतः बदलता येई.

२०१२ मध्ये कड ५ मिलिमीटरवर आली. पाठीचा मधला फुगवटा तसाच होता, फक्त समोरून दिसत नव्हता. या कडेची किंमत काय, ते दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे. काच पॅनलशी एकजीव झाली आणि पॅनल फोमच्या पट्टीने चौकटीला चिकटवले गेले. उघडायचे तर पातळ चाकाचे हत्यार काचेच्या कडेने फिरवत ती पट्टी कापायची, चाक खोल जाणार नाही याची काळजी घ्यायची. बंद करताना जुना गोंद खरवडून नव्या पट्ट्या लावायच्या. साडेएकवीस इंची मॉडेलमध्ये नुसती रॅम वाढवायची तरी लॉजिक बोर्ड बाहेर काढावा लागे. पडद्यासमोर बसणाऱ्याला या पातळ कडेने काय दिले?

२०२१ चा २४ इंची आयमॅक ११.५ मिलिमीटरचा. हेडफोनची पिन त्याहून लांब, म्हणून ते भोक डाव्या कडेला गेले. पॉवर सप्लाय बाहेरच्या ॲडॉप्टरमध्ये गेला आणि नेटवर्कची केबलही तिथेच जोडण्याची सोय झाली. हा निर्णय आम्हाला आवडला, कारण त्यामुळे टेबलावर एक वायर कमी झाली. पण त्याचा स्टँड फक्त तिरका होतो, उंची बदलत नाही. मान अवघडली की पडद्याखाली पुस्तके किंवा कागदाची रिमे येतात. जी-४ ने एकोणीस वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न असा परत टेबलावर आला.

आयुष्याचा प्रश्न याहून मोठा आहे. पॅनल आणि प्रोसेसर एका वेगाने म्हातारे होत नाहीत. २००९ चा २७ इंची आयमॅक दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून वापरता येत असे. २०१४ च्या ५के मॉडेलपासून ही सोय गेली. तेव्हाच्या एका केबलला इतके पिक्सेल पेलत नव्हते, हे कारण खरेच. तरीही उत्तम पॅनल आतल्या जुन्या बोर्डाबरोबर अडगळीत जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, पण वस्तू कचऱ्यात लवकर जाऊ नये याची तजवीज ड्रॉइंग बोर्डावरच व्हावी लागते.

लेनोवोच्या ‘टायनी-इन-वन’मध्ये छोटा संगणक मॉनिटरच्या पाठीत सरकवून बसवतात. समोरून एकच वस्तू दिसते, कडेने ती जाडजूड आहे. पण संगणक जुना झाला की तेवढाच बदलायचा, पडदा राहतो. आम्ही हे डिझाइन अधिक मिनिमल मानतो.

म्हणून पुढच्या ब्रीफमध्ये जाडीच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे मागून घ्या: पडदा किती मिलिमीटर वर-खाली होतो आणि डिस्क बदलायला किती मिनिटे लागतात.