बोजा न उतरलेले विमान

अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी हौशी वैमानिकाचा परवाना मिळवला आणि लागलीच जुने विमान घेण्याचा ध्यास घेतला. मनात भरलेले विमान १९४६ सालचे ‘पायपर जे-३ कब’. पिवळे, दोन आसनांचे, पंख व धड कापडाने मढवलेले. पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथे १९३८ ते १९४७ या काळात अशी सुमारे २०,००० विमाने तयार झाली. मूळ रचनेत बॅटरी नाही. प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करावयाचे. टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार इंधन किती उरले ते दाखवते. तिच्या खालच्या टोकास तरंगते बूच असते.

मी फोनवर विचारले, “कागद पाहिलेस का?”

“मामा, विमान आहे ते, शेतजमीन नव्हे.”

तेथे मात्र प्रकार जमिनीसारखाच आहे. विमानांची विक्रीखते व कर्जाच्या नोंदी ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी नोंदणी कार्यालयात असतात. शोध घेतला, तेव्हा अनेक मालकांपूर्वीचे एक बँककर्ज निघाले. ते फिटले असावे. परंतु बोजा उतरवल्याची नोंद नव्हती आणि ती बँकही दुसरीत विलीन झालेली. सातबाऱ्यावरचे असे बोजे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. खातेदार शेवटचा हप्ता भरून निश्चिंत होतो, दाखला कपाटात पडून राहतो. आणि, कबूल करावयास हवे, आम्ही अधिकारीही त्याला नेहमी आठवण देत नव्हतो.

दुसरा दोष मेकॅनिकने शोधला. पंखांना खालून आधार देणाऱ्या पोलादी नळ्यांत पाणी शिरून आतून गंज चढतो. वरचा रंग तुकतुकीत राहतो. म्हणूनच जुन्या नळ्यांची ठरावीक मुदतीने तपासणी तेथे सक्तीची आहे. नव्या, हवाबंद नळ्या बसवल्यास तिच्यातून सुटका होते. या विमानाची एक नळी खालच्या टोकाशी पोखरलेली निघाली. माझ्या बहिणीला हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

विक्रेत्याने किंमत उतरवली. बोजामुक्तीचे पत्र नोंदले जाईपर्यंत रक्कम तिऱ्हाइताकडे ठेवली. पत्रास अकरा आठवडे लागले. भाचा चिडला, मला मात्र ते लवकरच वाटले.

नळ्या बदलून झाल्या आहेत. कबमध्ये एकटा वैमानिक मागे बसतो, पुढचे आसन मोकळे. तेथे मी बसावे असा भाच्याचा आग्रह आहे. मी देखभालीच्या नोंदवह्यांच्या प्रती मागवल्या आहेत. मधल्या पाच वर्षांची एक वही सापडत नाही.