अर्धवट कोर्स आणि सडातलं विष

पावसाळा लागला, गोठ्यात चिखल झाला की गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात दगडीच्या केसेस वाढतात. कास तापलेली, धारेत गाठी, आणि मालकाचा एकच प्रश्न: ‘डॉक्टर, सड वाचंल न्हवं?’ स्टॅफिलोकॉकस ऑरियसची लागण असेल, तर याचं उत्तर बरंचसं एका प्रथिनावर अवलंबून असतं.

ते प्रथिन म्हणजे अल्फा-टॉक्सिन. २९३ अमिनो आम्लांचा हा रेणू जंतूतून सुटा बाहेर पडतो आणि पाण्यात विरघळतो. तोवर इजा करत नाही. पेशीवरच्या एडॅम-१० या प्रथिनाला तो चिकटला, की सात रेणू एकत्र येऊन कडं करतात. प्रत्येक जण दोन पट्ट्यांचा दुमडलेला भाग पटलात खुपसतो आणि चौदा पट्ट्यांची आरपार नळी तयार होते. १९९६ साली क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. बाजूने पाहिली तर हुबेहूब अळंबी. देठ पेशीच्या पटलात, टोपी बाहेर. या भोकातून पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी मरते. शिवाय चेतवलेलं एडॅम-१० शेजारच्या पेशींना जोडणारं ई-कॅडहेरिन कापत सुटतं. कास काळी-निळी, गार पडते, त्या गँगरिनस दगडीत या विषाचा मोठा वाटा असतो.

गाईंच्या कासेतून मिळणाऱ्या अनेक वाणांत याच भावकीतलं ल्यूक-एमएफ हे विषही सापडतं. ते गाईच्या न्यूट्रोफिल पेशींना सीसीआर-१ या ग्राहीवरून गाठतं. कासेच्या बचावाला धावून आलेल्या पेशीच आधी मरतात.

आता आपल्या हातातलं. बीटा-लॅक्टम औषधाची मात्रा जंतू मरण्याइतकी नसेल, तर तो अल्फा-टॉक्सिन उलट जास्त बनवतो, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. गोठ्यातलं गणित हुबेहूब तसंच असेल असं नाही. पण गाठी कमी दिसल्या म्हणून कोर्स सोडणं किंवा एक ट्यूब दोन सडांत वाटणं याचं समर्थन कोणत्याही अंगाने होत नाही. मालक पैसे वाचवायला तसं करतो, हे आपण जाणतो. त्याला अडवणं आपलं काम आहे.

तेव्हा सडात औषध भरण्याआधी चारही सडांची सीएमटी करा. सडाचं टोक स्पिरिटनं पुसून, पहिल्या धारा टाकून निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या, बर्फात ठेवून कल्चरला पाठवा. पूर्ण कोर्स आणि दूध संस्थेला किती दिवस घालायचं नाही, हे दोन्ही मालकाला कागदावर लिहून द्या. आणि लागण झालेल्या जनावराची धार सगळ्यांत शेवटी काढायला सांगा.